डावीकडे कॉर्न, उजवीकडे मका

फाटकातून ट्रॉली आत आली की पुढे रस्त्याला दोन फाटे फुटायचे. डावा रस्ता कारखान्यात जायचा. तिथे कणसं सोलून, दाणे काढून, वाफवून, गोठवून पाकिटात भरायचे. उजवा रस्ता मागच्या शेडकडे. तिथे जनावरांचं खाद्य भरडायचे. आणि बरोबर त्या फाट्यावर, पत्र्याच्या सावलीत, पिवळा ॲप्रन घालून नखमावशी उभी असायची. ट्रॉली कुठल्या बाजूला जाणार हे तिच्या तोंडून निघाल्याशिवाय दांडेवाला त्या रस्त्यावरचा आडवा दांडा उचलायचा नाही.

तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते तिलासुद्धा जरा आठवावं लागलं असतं. उजव्या अंगठ्याचं नख तिनं वाढवलेलं, आणि त्या नखावर तिचं सगळं चालायचं. ट्रॉलीतून तीन कणसं काढायची, एक वरचं, एक मधलं, एक तळाचं. पानं ओरबाडायची, दाण्यात नख रुतवायचं. चीक पातळ, दुधासारखा उडाला की एक चावा, कच्चाच. गोड लागलं की मान वर न करता ओरडायची, “कॉर्न!” आणि नख अडलं, आत कणकेसारखं घट्ट लागलं, की, “मका!” झालं. चर्चा नाही, घासाघीस नाही.

आता तुम्ही म्हणाल, झाड तेच, कणीस तेच, मग ही दोन नावं कशाला? अहो, घरी सगळे मकाच म्हणायचे. मावशीची आई मका म्हणायची, मावशी मका म्हणायची, कोंबड्यांना कळलं असतं तर त्याही मकाच म्हणाल्या असत्या. कॉर्न हा शब्द कारखान्याबरोबर आला. जे गोड, कोवळं, पाकिटात जाणार, ते कॉर्न. जे वाळवायचं, भरडायचं, गुरांपुढे टाकायचं, तो मका. पुढे पुढे शेतकऱ्यांना ‘मका’ हा शब्द फाटकावर ऐकला की कानफटात बसल्यासारखं व्हायला लागलं. एक म्हातारे तर चिडून म्हणाले होते, “पोरीसारखं वाढवलंय मी ते, आणि खुशाल मका म्हणता?” त्यावर मावशी म्हणाली होती, “पोरीला एवढ्या उशिरा आणता का हो फाटकावर? म्हातारी झाली ती!” सगळे हसले, म्हातारेही हसले, आणि ट्रॉली उजवीकडे गेली.

खरेदीसाहेब तरुण होते, बोलके होते. चहा पिता पिता एकदा म्हणाले, “मावशी, गंमत सांगू? काही देशांत दोन्हीला कॉर्नच म्हणतात. काही देशांत दोन्हीला मेझ. आणि कुठे कुठे जुनी माणसं कॉर्न म्हणतात ते चक्क गव्हाला, नाहीतर जवाला. ज्या भागात जे धान्य मुख्य, ते कॉर्न.”

“अगं बाई! मग त्यांच्या फाटकावर रोज डोकी फुटत असतील.”

“आपल्यासुद्धा कागदावर दोन्हीला मेझच लिहितात. फरक फक्त तुमच्या तोंडात आहे.”

साहेबांनी ते सहज म्हटलं होतं. मावशीला मात्र ते आवडलं होतं, आणि ती ते येता-जाता सगळ्यांना सांगायची.

मावशीचे नियम मोजकेच होते आणि ते तिनं वजनकाट्यावरच्या मुलीलाही पढवले होते, कारण मावशी रजेवर गेली की फाटक ही काटेवाली सांभाळायची. हातातल्या कणसाकडे बघायचं, ट्रॉलीवरच्या माणसाकडे नाही. तळाच्या कणसाला घाई करायची नाही, कारण वाईट माल लोक तळाशीच दडपतात. बोललेला शब्द मागे घ्यायचा नाही. आणि एक नियम कारखान्याचा होता, पण मावशी तो सगळ्यांत मोठ्यानं सांगायची: फाटकावर काम करणाऱ्याच्या परसात मक्याचं एक झाडसुद्धा नको.

का, तर वारा. मक्याच्या तुऱ्यातून पिवळी धूळ उडते. ती कॉर्नच्या कणसाच्या केसांवर पडली की गोड कणसात मक्याचे दाणे भरतात. शेतकरी बिचारा कॉर्न पेरतो, कॉर्न राखतो, आणि कापतो ते अर्धवट मका. शेजाऱ्यांची यावरून काय भांडणं होतात म्हणून सांगू! आणि असलं नुकसान फाटकावरच्याच माणसानं केलं तर फाटकावर विश्वास कोण ठेवणार?

तर अशी ही मावशी. आणि आज तिच्या लेकीच्या शेताची पहिली ट्रॉली येणार होती, आणि मावशीच्या परसात, खुराड्याच्या मागे, काळ्या मक्याच्या दोन ओळी उभ्या होत्या.

लेकीचं सासर काही लांब नव्हतं. मावशीच्या परसामागे बांध, आणि बांधापलीकडे व्याह्यांचं शेत. त्या जमिनीत व्याह्यांनी आयुष्य घातलं, गुडघे झिजवले, आणि हाती काय लागलं असं विचारलं की ते नुसते हात झटकायचे. त्यांना जमीन वीटभट्टीवाल्याला द्यायची होती. भट्टीवाला येऊन माती चिमटीत धरून बघूनही गेला होता. जावई मात्र हट्टाला पेटला. गॅरेजमधली नोकरी सोडली आणि बापापुढे उभा राहिला: एक हंगाम द्या, कॉर्न लावतो. व्याही म्हणाले, “एकच. कारखान्यानं पहिली ट्रॉली घेतली तर शेत तुझं. नाही घेतली तर भट्टी. मग माझ्यापुढे तोंड उघडायचं नाही.”

“आई, तो भट्टीवाला कंबरभर खणून माती नेणार,” लेक सांगताना रडली होती. “मग तिथे गवतसुद्धा उगवायचं नाही गं.”

आणि कारखान्याचं गणितही सरळ होतं. नव्या शेताची पहिली ट्रॉली उजवीकडे गेली की ते शेत यादीतून बाद. पुन्हा तिकडे क्रेट पाठवायचे नाहीत. अपवाद एकच. बिघाड शेताबाहेरून आलाय असं कुणी दाखवून दिलं, तर साहेब स्वतः शेत बघायला जायचे आणि आणखी एक संधी द्यायचे.

आता त्या काळ्या मक्याचं सांगायला हवं. ते बी मावशीच्या आईचं. काळपट जांभळे, टणक दाणे. आईनं मरेपर्यंत लावलं, मग मावशीनं. इतकी वर्षं त्या बाजूला कुणी कॉर्न लावतच नव्हतं, वाऱ्यानं धूळ नेली तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं, म्हणून नियम मोडतोय असं मावशीला कधी वाटलंच नाही. यंदा ती लावणार नव्हती. पण डबा उघडला तर दाण्यांना पोरकिडे लागलेले. जेमतेम दोन मुठी धड निघाले. यंदा पेरलं नाही तर आईचं बी संपलं. तिला काही राहवेना.

मग तिनं डोकं चालवलं, आणि इतकी वर्षं फाटकावर काढलेल्या बाईनंच चालवावं असं चालवलं. काळा मका आधी पेरायचा. लेकीकडे कॉर्नला केस फुटतील तोवर काळ्याचे तुरे वाळून गेलेले असतील. गाठच पडायची नाही.

लेकीनं विचारलं होतं हो! बांधावर उभी राहून विचारलं होतं, “आई, तुझा काळा मका?”

“तो कधीच फुलून जाईल. मला शिकवतेस होय?”

लेकीनं ऐकलं. आईवर नाही तर कुणावर विश्वास ठेवणार? पण मधेच आभाळ गारठलं, काळा मका रेंगाळला, आणि एका सकाळी मावशी कोंबड्या सोडायला गेली तर डोक्यावर काळ्याचे तुरे धूळ उडवतायत आणि बांधापलीकडे कॉर्नला हिरवे ओले केस फुटलेत. विळा घेऊन तिनं सगळे तुरे सपासप कापले. पण आदल्या दिवशी वारा होता. तो कुठून कुठे होता, हे ती तेव्हापासून स्वतःला विचारत होती आणि रोज स्वतःला सोयीचं उत्तर देत होती. कुणाला ती एक अक्षर बोलली नव्हती.

ट्रॉली आली. जावई ट्रॅक्टरवर, अंगात धुतलेला शर्ट. मागे क्रेटांच्या थप्पीला धरून लेक उभी. आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर, काठी मांडीवर आडवी टाकून, खुद्द व्याही.

“नमस्कार विहीणबाई,” व्याही मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “म्हटलं, बघून तरी येऊ. आईच फाटकावर म्हटल्यावर लेकीची ट्रॉली कुठे जायची ते दिसतंच आहे म्हणा.”

मागे रांगेत दोन ट्रॉल्या उभ्या होत्या. तिथलं कुणीतरी फिसकन हसलं. जावयाचे कान लाल झाले.

“बाबा, गप्प बसा.”

“मी कुठे काय म्हणालो? विहीणबाईंची कीर्ती मोठी आहे. बघू की.”

मावशीनं ॲप्रनला हात पुसले. तिनं हात पुढे केला. लेकीनं वरच्या क्रेटमधलं कणीस दिलं, आणि देताना हलकंच हसली, लहानपणी परीक्षेला जाताना हसायची तसं. मावशीनं पटकन कणसाकडे नजर वळवली. पानं ओढली. पिवळेधमक, एकसारखे दाणे. नख रुतवलं आणि चीक मनगटावर उडाला. चावा घेतला. गोड. इतकं गोड कॉर्न तिनं या हंगामात चाखलं नव्हतं.

मधलं कणीस. तेही गोड.

“अजून काय बघायचं राहिलंय?” जावई हसत म्हणाला. त्याला आता धीर आला होता.

“तळाचं,” मावशी म्हणाली.

तळाच्या क्रेटपर्यंत पोचायला लेकीला वाकून, खांद्यापर्यंत हात घालून ओढावं लागलं. जावयानं कापणी कुठून सुरू केली असेल हे मावशीला न विचारता कळत होतं. रस्ता मावशीच्या घराकडून. ट्रॅक्टर आधी तिथेच लागणार. बांधाजवळच्या ओळी आधी कापल्या, म्हणजे त्या तळाशी.

कणीस हातात आलं. पानं सोलली.

पिवळ्या दाण्यांत मधेच एक जांभळट दाणा होता. शेजारी दुसरा. फिरवलं, तर पलीकडे तीन-चार एकत्र, फुगलेले. तिनं त्यातल्या एकावर नख टेकवलं. नख आत गेलं नाही.

कुणाचा मका आहे, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. सबंध पंचक्रोशीत हा रंग फक्त तिच्या आईच्या डब्यात होता.

साहेब तिकडे काट्यापाशी फोनवर बोलत होते. दांडेवाला तंबाखू मळत होता. व्याही मडगार्डवर, त्यांना कणीस दिसत नव्हतं. मावशीचा अंगठा आपोआप त्या जांभळ्या दाण्यांवर सरकला. झाकले गेले. किती सोपं होतं! एक शब्द म्हणायचा. आत सरकत्या पट्ट्याशी बसलेल्या बायका रंगीत दाणे वेचून टाकतात, टाकतील. कागदावर तर सगळं मेझच. फरक तिच्या तोंडात, आणि तोंड तिचं. शेत वाचेल, पोरगी सुखानं राहील, आणि कुणाचं काय जाणार आहे?

“विहीणबाई, झोप लागली काय?” व्याह्यांनी विचारलं.

लेक ट्रॉलीवरून खाली उतरली होती. पडलेली पानं गोळा करायच्या निमित्तानं ती आईशेजारी वाकली, आणि तिला आईच्या अंगठ्याच्या कडेनं डोकावणारा जांभळा दाणा दिसला. तीही त्याच डब्यातल्या मक्याशी खेळत वाढली होती. तिला कळायला क्षणसुद्धा लागला नाही. मावशीला वाटलं, आता ही ओरडेल. ओरडायलाच हवं होतं. ‘मला शिकवतेस होय’ म्हणाली होतीस ना, आई? मग आता बोल की!

लेक अगदी हळू म्हणाली, “आई, मका म्हण.”

मावशी बघतच राहिली.

“मका म्हण आणि गप्प बस. कुणाचा ते सांगू नको. फाटक जाईल तुझं. तुला दुसरं आहे काय? आम्ही बघू आमचं.” आणि पानं उचलून ती बाजूला झाली, काही झालंच नाही अशी.

मावशीला नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. लेक लग्न होऊन गेल्यावर घरात बोलायला कोंबड्या. सकाळी ॲप्रन बांधला की ती कुणीतरी व्हायची. रांगेतले बाप्ये तिच्या अंगठ्याकडे श्वास रोखून बघायचे. लेक म्हणाली ते खोटं नव्हतं. हे फाटक सोडून तिच्याकडे खरंच काही नव्हतं.

“मका,” ती म्हणाली.

आवाज फुटलाच नाही. दांडेवाल्यानं तंबाखू मळायची थांबवून विचारलं, “काय मावशी?” आजवर त्याला कधी असं विचारावं लागलं नव्हतं.

“मका!”

दांडा उचलला गेला, उजवीकडचा. व्याही आधी चकित झाले, आणि मग त्यांनी काठी आपटली. “ऐकलंस? सख्ख्या सासूनं सांगितलं! आता तरी पटलं? उद्याच बोलावतो भट्टीवाल्याला.” पण सांगताना त्यांचाही आवाज म्हणावा तसा चढला नाही. मुलाच्या तोंडाकडे बघून तेही मधेच थांबले.

जावई ट्रॅक्टरवरून उतरला. तो चिडला नाही, तेच मावशीला सोसेना. “आई, बियाणं तुम्हीच बघून घेतलं होतं. पाणी वेळेवर दिलं. माझं काय चुकलं तेवढं सांगा,” तो म्हणाला. “चुकलं असेल माझंच काहीतरी.”

“तुमचं काही चुकलं नाही.”

“आई!” लेक मागून ओरडली.

“तू थांब गं.” मावशीनं कणीस वर धरलं आणि काट्याकडे बघून, ट्रॉलीला ओरडायची त्याच आवाजात ओरडली, “साहेब! इकडे या. बिघाड शेताबाहेरून आलाय.”

साहेब फोन ठेवून आले. कणीस हातात घेऊन त्यांनी जांभळे दाणे बघितले. “हे तर परक्या तुऱ्याचं दिसतंय. जवळपास कुणी मका लावलाय?”

“लावलाय.”

“कुणाचा आहे?”

“माझा.”

रांगेतला ट्रॅक्टर घुरघुरत होता, तो कुणीतरी बंद केला. साहेबांना आधी ते खरं वाटेना. “मावशी, काय बोलताय? नियम तर तुम्हीच सगळ्यांकडून घोकून घेता.”

“घेते. आणि परसात दोन ओळी लावल्या. माझ्या आईचं बी होतं. वाटलं, माझा आधी फुलेल, त्यांचा मागून. हुशारी नडली माझी. तुरे कापले, पण वारा आधीच येऊन गेला होता. या पोरांचं शेत आतून चांगलं आहे. वरची दोन कणसं बघा, साखर आहे साखर. बांधाकडच्या ओळीच तेवढ्या गेल्यात. तुम्ही चला, बघा, मगच काय ते ठरवा.”

“बघायला मी जाईन,” साहेब म्हणाले. त्यांना पुढचं बोलायचं जिवावर आलं होतं. “पण मग फाटकावर तुम्हाला…”

“ते कळतं मला.” मावशीनं ॲप्रनची गाठ सोडायला घेतली. ती लवकर सुटेना. शेवटी काटेवालीनं येऊन मागून सोडली, आणि ती मुलगी मुसमुसायला लागली. “रडतेस काय? नख वाढव,” मावशी म्हणाली आणि ॲप्रन तिच्या हातात दिला.

साहेब शेतात आले. बांधापासून ओळीओळीनं आत गेले, कणसं सोलत. सुरुवातीच्या ओळींत जांभळे दाणे होते, मग तुरळक, मग नाहीच. तरी ते म्हणाले, “मी सगळं शेत सोलू शकत नाही. उद्या आतल्या ओळींची एक ट्रॉली आणा. तीन कणसं. बाकी सगळ्यांना जे लागू, तेच.” व्याह्यांनी भट्टीवाल्याला एका दिवसानं पुढे ढकललं. “एकच ट्रॉली,” ते मुलाला म्हणाले, आणि मावशीकडे एकदा बघून आत गेले.

मावशीनं त्याच दुपारी काळ्या मक्याचं एकेक धाट मुळासकट उपटलं. दाणे अजून भरले नव्हते, बी म्हणून ठेवण्यासारखं एकही कणीस नव्हतं. सगळं कोंबड्यांपुढे टाकलं. डबा धुऊन उन्हात पालथा घातला. आईला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ती त्या दुपारी गेल्यासारखं मावशीला वाटलं. ती खुराड्याला टेकून बसली आणि पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात ट्रॅक्टर थांबला. जावई कालपासून तिच्याशी बोलला नव्हता. आत्ताही त्यानं समोरच बघितलं. “आई, चढा.”

“मी कशाला? माझं आता तिथे काय काम?”

“काम नाही. आमच्या घरच्या म्हणून चला.”

लेकीनं वरून हात दिला. मावशी क्रेटांना धरून उभी राहिली. व्याही कालच्याच जागी, मडगार्डवर. त्यांनी काठी बाजूला घेतली होती, तिला चढायला वाट व्हावी म्हणून.

फाटकातून ट्रॉली आत गेली. दांडेवाल्यानं मावशीला बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. पत्र्याच्या सावलीत काटेवाली उभी होती. पिवळा ॲप्रन तिला लांब होत होता. तिनं मान वर केली नाही. मावशीनंच शिकवलं होतं तसं.

वरचं कणीस. नख, चीक, चावा. काटेवालीनं ते खाली टाकलं.

मधलं कणीस. नख, चीक, चावा.

मग लेक वाकली, खांद्यापर्यंत हात घातला, आणि तळाचं कणीस बाहेर आलं. काटेवालीनं पानं सोलली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. मावशीला वरून काही दिसत नव्हतं, फक्त त्या पोरीचा वाकलेला माथा आणि फिरणारं मनगट. काटेवाली थांबली. कणीस तिनं उजेडात धरलं, पुन्हा फिरवलं. काय आहे? रंग आहे का? बोल ना बाई! मावशीच्या ओठांवर आलं होतं ते. जावयानं स्टेअरिंग घट्ट आवळलं होतं. व्याही पुटपुटत होते, आणि ते ‘घे, घे’ म्हणत होते हे ऐकून मावशीला भडभडून आलं. लेकीनं तिचं मनगट धरलं होतं की तिनं लेकीचं, कुणास ठाऊक. तळाच्या कणसाला घाई करायची नाही, हे तिचेच शब्द होते. किती माणसं इथे अशी उभी राहिली असतील तिच्यासमोर, हात असे आवळून! आणि तिनं एकाच्याही तोंडाकडे कधी बघितलं नव्हतं.

काटेवालीनं नख रुतवलं. चावा घेतला. सावकाश चावलं.

“कॉर्न!”

डावीकडचा दांडा वर गेला. ट्रॉलीला हिसका बसला, लेक आईच्या गळ्यात पडली, जावयानं हॉर्न दाबला तो सोडेचना, आणि व्याही “अरे, पुढे बघ, पुढे बघ!” असं ओरडत डोळे पुसत होते. मावशी हसतही होती, रडतही होती. वळणावर तिनं मागे बघितलं.

पुढची ट्रॉली फाट्यावर लागली होती. वर एक माणूस दोन्ही हात गुडघ्यांत घट्ट धरून बसला होता, काटेवालीच्या अंगठ्यावर नजर लावून. ओळखीचा असणार, वर्षानुवर्षं माल आणत असणार. तो कोण, हे मावशीला सांगता येईना. ट्रॉली कारखान्यात शिरेपर्यंत ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.